पाच हजार डॉलरची पंगत

१९०२ सालच्या अखेरीस वॉशिंग्टन शहरात कृषी खात्याच्या एका इमारतीच्या तळघरात एक आगळीच पंगत बसू लागली. स्वच्छ पांढरी कापडे अंथरलेली टेबले, नीट मांडलेल्या बशा, ताजे मांस, भाज्या, दूध, लोणी आणि भोवताली बारा धडधाकट तरुण. जेवण फुकट होते, साहित्यही निवडक होते. मात्र ताटातील एखाद्या पदार्थात मोजून टाकणखार मिसळलेला असे आणि तो पोटात जावा यासाठीच या तरुणांना निमंत्रण होते. जेवणाआधी त्यांचे वजन, नाडी आणि ताप यांची नोंद होई. मलमूत्राचे नमुने प्रयोगशाळेत जात. या पंगतीबाहेर काही खाणार नाही आणि प्रकृतीला अपाय झाल्यास सरकारला कोर्टात खेचणार नाही, असे त्यांनी लिहून दिले होते. या साऱ्या व्यवस्थेसाठी अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, पाच हजार डॉलर मंजूर केले होते.

या पंगतीचे यजमान होते कृषी खात्याच्या रसायन विभागाचे प्रमुख डॉ. हार्वे वॉशिंग्टन वायली. बाजारात विकला जाणारा पदार्थ अपायकारक आहे हे सिद्ध करण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याला अखेरपर्यंत चिकटून राहिला. उत्पादकाने सोसला तर निष्कर्षावर त्याची सावली पडते. ग्राहकाची तेवढी ऐपत नसते. मग उरते सरकारी तिजोरी. पण तिच्या किल्ल्या ज्यांच्या हाती असतात, त्यांच्या दारी उत्पादकाचीही ये-जा असते. वायली यांनी या तिजोरीतून पैसा मिळवला, त्यातून कायदा घडवला आणि पुढे त्याच तिजोरीचा आधार घेऊन विरोधकांनी आपली कोंडी केल्याचेही पाहिले.

वायली यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ रोजी इंडियाना राज्यातील केंट या खेड्याजवळ, लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. सात भावंडांत ते सहावे. वडील शेतकरी आणि हौशी धर्मोपदेशक होते. ओहायो नदीपलीकडच्या केंटकीतून निसटून येणाऱ्या गुलामांना वाट दाखवणाऱ्या गुप्त साखळीत त्यांचा सहभाग होता. कायद्यापेक्षा सदसद्विवेक मोठा, हा संस्कार मुलावर घरातच झाला. हॅनोव्हर कॉलेजात शिकत असतानाच, यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये हा तरुण काही महिने उत्तरेच्या फौजेत दाखल झाला. आजारी होऊन परतल्यावर १८६७ मध्ये तो पदवीधर झाला. इंडियानापोलिसला ग्रीक-लॅटिन शिकवत शिकवत त्याने वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८७१ मध्ये डॉक्टरकीची पदवी मिळवली. वैद्यकी मात्र केली नाही. हार्वर्डला जाऊन त्याने रसायनशास्त्र आत्मसात केले आणि १८७४ मध्ये नव्यानेच सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून तो रुजू झाला.

पर्ड्यूतील दिवस गमतीचे होते. हा उंचापुरा प्राध्यापक विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळे आणि आखूड विजार घालून, पुढचे चाक माणसाएवढे उंच असलेल्या सायकलवरून गावात फिरे. विद्यापीठाच्या विश्वस्तांना ते प्राध्यापकाला न शोभणारे वाटले व त्यांनी त्याला समोर बोलावून समज दिली. त्याने लगेच राजीनामा पुढे केला आणि विश्वस्तांनी तो स्वीकारला नाही. १८७८ मध्ये वायली जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये त्यांनी हॉफमान या विख्यात रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली आणि तेथील सरकारी प्रयोगशाळेत अन्नपरीक्षणाचे तंत्र शिकून घेतले. साखरेच्या द्रावणातून जाणारा विशिष्ट प्रकाश किती अंशांनी वळतो यावरून साखरेचा प्रकार ओळखणारे पोलॅरिस्कोप हे यंत्र त्यांना विशेष भावले. जर्मनीत अन्नाची तपासणी हे सरकारचे काम मानले जात होते. अमेरिकेत ते कोणाचेच काम नव्हते.

मायदेशी परतल्यावर इंडियानाच्या आरोग्य मंडळाने बाजारातील साखर आणि पाक तपासण्याचे काम वायली यांच्याकडे सोपवले. महागड्या पाकाच्या नावाखाली मक्यापासून काढलेला स्वस्त ग्लुकोज सर्रास विकला जात असल्याचे त्यांना आढळले. १८८१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एका लोकप्रिय विज्ञान मासिकातील लेखात मात्र त्यांनी एक विधान बेफिकिरीने केले. पॅराफिनची कृत्रिम पोळी यंत्राने बनवून, तीत ग्लुकोज भरून मध म्हणून विकतात, असे ते विधान होते. मधमाश्या पाळणारे खवळले, कारण असे यंत्र कोठेच नव्हते. तो केवळ विनोद होता, असा खुलासा वायली यांना पुढे करावा लागला. वजनमापात काटेकोर असलेला हा शास्त्रज्ञ बोलण्याच्या भरात पुराव्याच्या पुढे जाऊ शकतो, याची ती पहिली खूण होती.

१८८३ मध्ये वायली कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ म्हणून वॉशिंग्टनला आले. आरंभीची वर्षे ज्वारीच्या कुळातील गोड धाटांपासून साखर काढण्याच्या प्रयोगांत गेली. त्याबरोबरच १८८७ पासून त्यांच्या विभागाने अन्नातील भेसळीविषयी पुस्तिकांची मालिका काढण्यास सुरुवात केली. दूध, लोणी, मसाले, मद्ये, साखर, डबाबंद भाज्या अशा एकेका जिनसाची त्यांत झडती घेतली होती. मिरपुडीत टरफलांचा भुगा आढळे, कॉफीत भाजलेली मुळे आढळत आणि डब्यातील वाटाण्यांचा हिरवा रंग मोरचुदामुळे टिकलेला असे. शहरे वाढत होती. शेतातून थेट स्वयंपाकघरात येणारे अन्न आता कारखान्यातून, शेकडो मैल रेल्वेचा प्रवास करून येत होते. ते नासू नये म्हणून दुधात फॉर्मॅल्डिहाइड, मांसात टाकणखार आणि फळांच्या रसात सॅलिसिलिक आम्ल घातले जाई. औषधांची स्थिती याहून वाईट होती. रडक्या मुलांना शांत करणाऱ्या पाकांत मॉर्फिन असे आणि ते बाटलीवर छापण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

अन्नशुद्धीचे पहिले विधेयक काँग्रेसमध्ये १८७९ मध्ये आले. पुढच्या पाव शतकात अशी शंभराहून अधिक विधेयके आली आणि बहुतेक सगळी कोठल्या ना कोठल्या समितीच्या कपाटात विसावली. डबाबंद अन्नाचे कारखानदार, मिश्र व्हिस्कीचे व्यापारी, पेटंट औषधांचे विक्रेते अशा प्रत्येक गटाचे प्रतिनिधी संसदेत होते. या औषधविक्रेत्यांच्या जाहिरातींवर कित्येक वृत्तपत्रांचे पोट भरत असल्याने तेथेही फारशी दाद लागत नसे. रसायने घालणाऱ्यांचा युक्तिवाद साधा होता. एवढ्याशा मात्रेने कोणाला काही होते, याचा पुरावा कोठे आहे? या प्रश्नाला वायली यांच्याकडे उत्तर नव्हते. पुस्तिकांतून भेसळ दिसत होती, अपाय दिसत नव्हता. तो दाखवायचा तर माणसांवर प्रयोग करावा लागणार होता, आणि त्यासाठी पैसा हवा होता.

तो पैसा १९०२ मध्ये मिळाला. पाच हजार डॉलर ही सरकारी हिशेबात क्षुल्लक रक्कम होती. त्यामुळेच तिच्याकडे बड्या उद्योगांचे फारसे लक्ष गेले नसावे. वायली यांनी तळघरात स्वयंपाकघर थाटले आणि बहुतांशी कृषी खात्यातीलच तरुण स्वयंसेवक निवडले. सशक्त तरुणांना जे बाधते ते लहान मुले, वृद्ध आणि आजारी यांना अधिकच बाधणार, असा त्यामागील विचार होता. पहिला मान टाकणखाराचा होता. आरंभी तो लोण्यात लपवला गेला. तरुणांच्या ते ध्यानात येताच त्यांनी लोणी टाळले. मग तो दुसऱ्या पदार्थांत लपवला गेला, तेव्हा तेही मागे पडू लागले. अखेर लपवाछपवी सोडून जेवणाबरोबर उघडपणे कॅप्सूल देण्याची पद्धत सुरू झाली. मात्रा वाढत गेली तशी डोकेदुखी, पोटदुखी आणि अन्नावरची वासना उडणे या तक्रारी नोंदवहीत उमटू लागल्या. टाकणखारानंतर सॅलिसिलिक आम्ल, सल्फ्युरस आम्ल, बेंझॉइक आम्ल आणि फॉर्मॅल्डिहाइड यांची पाळी आली. पाच वर्षे ही पंगत चालू होती.

वॉशिंग्टनच्या एका दैनिकाच्या वार्ताहराला या प्रयोगाचा सुगावा लागला आणि त्याने या तरुणांना पॉयझन स्क्वॉड, म्हणजे विषभक्षी पथक, असे नाव देऊन टाकले. वायली यांनी माहिती देणे बंद केले, तेव्हा पठ्ठ्याने कल्पनेचा आधार घेतला. टाकणखार खाऊन या तरुणांची कांती गुलाबी होत चालली आहे, अशी थाप त्याने छापली आणि ती खरी मानून स्त्रियांची विचारणा सुरू झाली. रंगभूमीवर या पथकावर विनोदी गाणी म्हटली जाऊ लागली. वायली आधी संतापले, पण लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, वर्षानुवर्षांच्या पुस्तिकांनी जे साधले नाही ते या थट्टेने साधले आहे. आपल्या ताटात टाकणखार असतो, हे आता घरोघरी ठाऊक झाले होते.

या जागृतीला बळ दिले ते महिला मंडळांनी. ॲलिस लेकी यांच्यासारख्या कार्यकर्त्या गावोगावी सभा भरवत, संसद सदस्यांकडे पत्रांचा ओघ लावत. मताधिकार नसलेल्या या स्त्रियांनी स्वयंपाकघराचा प्रश्न राष्ट्राच्या वेशीवर टांगला. वायली त्यांच्या मेळाव्यांत सातत्याने बोलत. त्यांचे वक्तृत्व दमदार होते आणि किस्से सांगण्याची हातोटी विलक्षण होती. फेब्रुवारी १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शिकागोच्या कत्तलखान्यांतील मजुरांचे हाल सांगण्यासाठी ती लिहिली गेली होती. वाचकांच्या मनात मात्र मांसातील घाणीचे वर्णनच घर करून बसले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतंत्र चौकशी करवली. ३० जून १९०६ रोजी त्यांनी दोन कायद्यांवर सही केली. एक मांस तपासणीचा आणि दुसरा शुद्ध अन्न व औषधांचा. दुसऱ्या कायद्यामागे वायली यांची तेवीस वर्षांची मेहनत होती.

या दोन कायद्यांची जडणघडण पाहिली की पैशाच्या प्रश्नाचे मर्म उलगडते. मांस तपासणीचा खर्च कारखानदारांकडून जनावरामागे फी घेऊन भागवावा, असा इंडियानाचे सिनेटर बेव्हरिज यांचा आग्रह होता. दरवर्षीच्या सरकारी तरतुदीवर विसंबले, तर कारखानदारांचे मित्र ती हळूच छाटतील आणि कायदा जिवंत असूनही तपासनीस नाहीसे होतील, अशी त्यांना धास्ती होती. कारखानदारांनी फीला कडाडून विरोध केला. शेवटी तडजोड झाली. फी रद्द झाली, पण तपासणीसाठी सरकारी तिजोरीतून वर्षाला ३० लाख डॉलरची कायम तरतूद कायद्यातच नमूद झाली. शुद्ध अन्नाच्या कायद्याला असे कवच लाभले नाही. वायली यांना आपल्या विभागाचा खर्च दरवर्षी काँग्रेसकडून नव्याने मंजूर करून घ्यावा लागणार होता.

१ जानेवारी १९०७ पासून कायदा अमलात आला. औषधात अफू, मॉर्फिन, कोकेन, भांग, मद्यार्क यांसारखी अकरा द्रव्ये असतील, तर ती वेष्टनावर लिहिणे सक्तीचे झाले. बाहेर एक आणि आत दुसरेच, असा माल राज्याच्या सीमेपलीकडे पाठवणे गुन्हा ठरले. देशभराची बाजारपेठ तपासण्यासाठी आरंभी अवघे २८ निरीक्षक नेमले गेले. त्यांनी धडाक्याने नमुने गोळा केले आणि खटले उभे राहू लागले. पण शिक्षा किरकोळ असत. डोकेदुखीवर रामबाण म्हणून घातक औषध विकणाऱ्या वॉशिंग्टनच्या एका विक्रेत्याला १९०८ मध्ये सातशे डॉलर दंड झाला. त्याच्या कमाईपुढे ही रक्कम काहीच नव्हती. तरीही वेष्टनावरची अक्षरे बदलू लागली, कारण आता ती कोणी तरी वाचत होते.

खरी अडचण खात्याच्या आतूनच उभी राहिली. अन्नात कोणती रसायने चालतील, हे ठरवताना वायली यांना कोणतीच सवलत मान्य नव्हती. कृषिमंत्री जेम्स विल्सन यांना उद्योगांशी सामोपचार हवा होता. १९०७ मध्ये त्यांनी तीन जणांचे मंडळ नेमून वायली यांच्या एकहाती अधिकाराला लगाम घातला. जानेवारी १९०८ मध्ये हा वाद व्हाइट हाउसपर्यंत पोहोचला. डबाबंद पदार्थांचे उत्पादक बेंझॉएटवरील बंदीविरुद्ध गाऱ्हाणे घेऊन आले होते. त्या बैठकीचा वृत्तान्त वायली यांनी पुढे आपल्या लेखनात दिला आहे. त्यानुसार बेंझॉएटच्या मुद्द्यावर रूझवेल्ट त्यांच्या बाजूने झुकले होते. तेवढ्यात काँग्रेस सदस्य जेम्स शर्मन यांनी, आपल्या कंपनीने मक्याच्या डब्यात साखरेऐवजी सॅकरिन वापरून पैसे वाचवल्याचे सांगितले. वायली यांना राहवले नाही. राष्ट्राध्यक्षांनी विचारण्याची वाट न पाहता ते मध्येच बोलले. ग्राहकाला साखरेच्या नावाखाली डांबरापासून काढलेला, अपायकारक पदार्थ खाऊ घातला जातो, असे त्यांनी सांगून टाकले. रूझवेल्ट यांना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरिन देत असत. ते भडकले आणि बैठक तेथेच विस्कटली.

लवकरच एक सल्लागार वैज्ञानिक मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्ष होते आयरा रेमसेन. सॅकरिनचा शोध ज्या प्रयोगशाळेत लागला तिचे ते प्रमुख आणि त्या शोधाचे भागीदार होते. मंडळाने १९०९ मध्ये बेंझॉएटला अल्प प्रमाणात निर्धोक ठरवले. वायली यांच्या मनाला सर्वांत झोंबली ती एक गोष्ट. या मंडळाचा खर्च कायद्याच्या अंमलबजावणीसाठी काँग्रेसने दिलेल्या पैशातूनच होत होता. ग्राहकाच्या रक्षणासाठी मंजूर झालेला निधी कायदा शिथिल करण्यासाठी खर्ची पडतो आहे, ही त्यांची तक्रार आयुष्यभर कायम राहिली.

येथे न्यायाने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विषभक्षी पथकाच्या प्रयोगात रसायन न घेणारा वेगळा तुलनागट नव्हता. माणसे मोजकी होती आणि आपल्याला काय दिले जाते हे त्यांना कळत होते. आजच्या कसोटीवर तो प्रयोग टिकणार नाही आणि आजचे नीतिनियम तो होऊही देणार नाहीत. बेंझॉएट आजही ठरावीक मर्यादेत जगभर वापरले जाते. सॅकरिनवरील संशय अनेक दशके रेंगाळला आणि अखेर अमेरिकेत २००० मध्ये त्याच्या वेष्टनावरील इशाराही काढून टाकण्यात आला. टाकणखार आणि फॉर्मॅल्डिहाइड यांबाबत वायली बरोबर ठरले, सॅकरिनबाबत नाही. ग्राहकाला खरे काय ते कळलेच पाहिजे, हे त्यांचे तत्त्व मात्र दोन्ही ठिकाणी तितकेच खरे होते.

कोका-कोलाविरुद्धचा खटला त्यांच्या आग्रही स्वभावाचेच फलित होता. पेयात मिसळलेले कॅफीन अपायकारक आहे, अशी त्यांची धारणा होती आणि लहान मुलेही ते पेय पितात याची त्यांना चिंता होती. १९०९ मध्ये सरकारने कंपनीचे पाक भरलेले पिंप जप्त केले आणि मार्च १९११ मध्ये टेनेसीतील चॅटनूगा येथे सुनावणी झाली. बचावासाठी कंपनीने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाकडून कॅफीनच्या परिणामांची तपासणी करवून घेतली. कंपनीचा पैसा घेताना त्याने निष्कर्ष काहीही निघोत, ते प्रसिद्ध करण्याची मोकळीक करारातच मागून घेतली. त्याचे प्रयोग वायली यांच्या प्रयोगांपेक्षा अधिक काटेकोर होते आणि निष्कर्ष कंपनीला अनुकूल निघाले. खालच्या न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. त्यानंतर तडजोड होऊन पेयातील कॅफीन कमी करण्यात आले.

याच १९११ मध्ये वायली यांच्यावर घाव घालण्यासाठी विरोधकांना मिळालेले हत्यारही पैशाचेच होते. औषधी वनस्पतींचे नामवंत तज्ज्ञ डॉ. हेन्री रस्बी यांची मदत त्यांच्या विभागाला हवी होती. कायद्याच्या तत्कालीन अर्थानुसार तज्ज्ञाला जो दैनिक भत्ता देता येई, तो इतका तुटपुंजा होता की, त्या मोबदल्यात असा माणूस मिळणे कठीण होते. उलट उद्योगांना आपल्या साक्षीदारांसाठी हात सैल सोडण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. त्यामुळे रस्बी यांना वार्षिक १,६०० डॉलरवर नेमण्याची तोड काढली गेली. हा नियमभंग असल्याचा ठपका खात्याच्या समितीने ठेवला आणि महान्यायवादी विकरशॅम यांनी वायली यांचा राजीनामा घेण्याची शिफारस केली. बातमी फुटताच देशभर गदारोळ उठला. संसदीय समितीपुढे साक्षी झाल्या आणि आरोप करणाऱ्यांचेच वागणे उजेडात आले. सप्टेंबर १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी वायली यांना दोषमुक्त ठरवले.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत, वयाच्या ६६ व्या वर्षी वायली विवाहबद्ध झाले होते. वधू ॲना केल्टन ३३ वर्षांच्या होत्या. दहा वर्षांपूर्वी त्यांनी ॲना यांना मागणी घातली होती आणि ती नाकारली गेली होती. ॲना स्वतंत्र बाण्याच्या होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी निदर्शने करताना १९१७ मध्ये त्यांनी तुरुंगवासही पत्करला. या दांपत्याला दोन मुलगे झाले. उतारवयात संसार थाटलेल्या वायली यांना खात्यातील रोजची कुरतड असह्य होऊ लागली. दोषमुक्त होऊनही अधिकार परत मिळाले नव्हते. ज्यांच्याशी भांडण होते ते त्याच खुर्च्यांवर होते. १५ मार्च १९१२ रोजी, २९ वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी राजीनामा दिला.

ते 'गुड हाउसकीपिंग' या मासिकात दाखल झाले. तेथे त्यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, अन्न व आरोग्यविषयक सदर मिळाले आणि मासिकात येणाऱ्या जाहिरातींतील खाद्यपदार्थ व प्रसाधने तपासण्याचा अधिकार मिळाला. सरकारी नोकरीत न लाभलेले स्वातंत्र्य एका खासगी मासिकाने दिले, ही गोष्ट मासिकाला जितकी भूषणावह होती तितकीच सरकारला लाजिरवाणी होती. पण मासिक एखाद्या मालाची जाहिरात नाकारू शकत होते, तो माल जप्त करू शकत नव्हते. या मर्यादेची जाणीव वायली यांना होती. म्हणूनच ते शेवटपर्यंत जुन्या विभागाकडे डोळे लावून होते. १९२९ मध्ये त्यांनी अन्नकायद्याची गळचेपी कशी झाली हे सांगणारे जाडजूड पुस्तक स्वखर्चाने प्रसिद्ध केले. त्यात कागदपत्रांचा पसारा आहे, कडवटपणा आहे आणि आपले कधीच चुकले नाही हा हेकाही आहे.

३० जून १९३० रोजी वॉशिंग्टनमधील राहत्या घरी, वयाच्या ८५ व्या वर्षी वायली यांचे निधन झाले. कायद्यावर सही झाली त्याला बरोबर २४ वर्षे त्याच दिवशी पूर्ण होत होती. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीतील त्यांच्या थडग्यावर शुद्ध अन्नकायद्याचे जनक असा त्यांचा उल्लेख कोरला आहे. ज्या विभागातून ते बाहेर पडले, त्याच्या नियंत्रक शाखेला त्याच वर्षी अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, हे नाव मिळाले. महाराष्ट्रातील वाचकाला हे नाव अपरिचित नाही. राज्याच्या याच कामाच्या विभागालाही तेच नाव आहे.

वायली यांच्या कायद्याचा तोकडेपणा १९३७ मध्ये उघड झाला. सल्फानिलामाइड हे औषध एका विषारी द्रावकात मिसळून विकले गेले आणि शंभराहून अधिक जणांचा, त्यांत कित्येक बालकांचा, बळी गेला. विक्रीपूर्वी औषध निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची सक्ती १९०६ च्या कायद्यात नव्हती. त्यामुळे केवळ बाटलीवरचे एलिक्झिर हे नाव चुकीचे, कारण आत मद्यार्क नाही, एवढ्याच तांत्रिक मुद्द्यावर तो माल जप्त करावा लागला. १९३८ च्या नव्या कायद्याने औषधांबाबत पुराव्याचे ओझे उत्पादकावर टाकले आणि १९५८ मध्ये अन्नात मिसळण्याच्या नव्या द्रव्यांनाही तोच न्याय लागू झाला. तळघरातल्या तरुणांवर सरकारी खर्चाने जे करून पाहावे लागले होते, ते आता माल विकू इच्छिणाऱ्याने आधी करून दाखवायचे होते.

बेव्हरिज यांचा फीचा वाद मात्र मिटला नाही. १९९२ पासून अमेरिकेत नव्या औषधांच्या परीक्षणासाठी कंपन्यांकडून शुल्क घेतले जाते आणि २००९ च्या कायद्याने तंबाखू-नियंत्रणाचा खर्च तंबाखू कंपन्यांच्या शुल्कातून भागवण्याची सोय केली. ज्याच्या मालापासून धोका, त्यानेच पहाऱ्याचा खर्च द्यावा, हे एका परीने न्याय्य आहे. पण पहारेकऱ्याचा पगार ज्याच्याकडून येतो त्याच्याकडे तो डोळे वटारून पाहील काय, ही शंकाही तितकीच जुनी आहे. भारतात १९५४ मध्ये भेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि २००६ मध्ये, वायली यांच्या कायद्याला शंभर वर्षे होत असताना, अन्नसुरक्षा व मानके कायदा आला. जुलै २०१८ मध्ये मासळीत फॉर्मॅलिन असल्याच्या संशयाने गोवा हादरले आणि परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर तेथे काही काळ बंदी घातली गेली. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळलेले फॉर्मॅल्डिहाइडच, वॉशिंग्टनच्या तळघरात त्या तरुणांनी गिळलेले.

कायदा संमत करताना टाळ्या पडतात. नमुना गोळा करणाऱ्या निरीक्षकाचा प्रवासखर्च, प्रयोगशाळेतील यंत्राची दुरुस्ती, न्यायालयात उभ्या राहणाऱ्या तज्ज्ञाचे मानधन यांना कोणी टाळ्या वाजवत नाही. त्या तपासणीचा खरा जीव मात्र याच बाबींत असतो. विरोधकांनी वायली यांच्या कायद्याचे एक कलमही खोडले नाही. त्यांनी फक्त त्यांचा निधी दुसरीकडे वळवला आणि त्यांच्या तज्ज्ञाच्या मानधनावर बोट ठेवले. ज्या पाच हजार डॉलरकडे १९०२ मध्ये कोणाचे लक्ष गेले नव्हते, त्यांनी एका राष्ट्राच्या ताटाची झडती घेतली होती. तेवढ्याशा रकमेत काय घडू शकते, हे उद्योगांना एकदा कळले आणि मग त्यांनी सरकारी अंदाजपत्रकाकडे कधी दुर्लक्ष केले नाही. ग्राहकाने मात्र ते अंदाजपत्रक क्वचितच उघडून पाहिले.